सल्ला हवा: ओकलंडचे जुने खेळाडू आता कसे फॉलो करायचे? (बजेट १०० डॉलर)

मोगरा_फ्रीमॉन्ट | १८ मार्च २०२५
नमस्कार मंडळी. लेक बारा वर्षांची आहे. तिला बेसबॉलचं वेड लागलं ते ओकलंडच्या कोलिझियम मैदानामुळे. फ्रीमॉन्टहून बार्ट लोकल ट्रेनमध्ये बसायचं, कोलिझियम स्टेशनला उतरून पूल ओलांडायचा, की आलं मैदान. गेल्या वर्षी २६ सप्टेंबरला तिथल्या शेवटच्या सामन्याला आम्ही दोघी होतो. आपले एज, म्हणजे ओकलंड ॲथलेटिक्स, टेक्सस रेंजर्सविरुद्ध ३-२ने जिंकले. ४६,८८९ माणसं होती आणि संपल्यावर कुणाचाच पाय निघत नव्हता. माझ्या शेजारचे आजोबा रडत होते, मीही रडले.

आता टीम सॅक्रामेंटोला खेळणार आणि मग लास व्हेगसला जाणार. लेक म्हणते, "आई, मी टीमच्या मागे नाही जाणार, माणसांच्या मागे जाणार." तिने वही केली आहे. एका खेळाडूला एक पान: चॅपमन, ओल्सन, सेमियन, मर्फी, बॅसिट, मनाया, हेंड्रिक्स. कधी गेला, कुठे गेला, त्याच्या बदल्यात कोण आलं, सगळं लिहिते.

सात जण, पाच-सहा टीम. दिवसभर स्क्रीनला न चिकटता हे कसं जमवायचं? पूर्ण सीझनचं बजेट १०० डॉलर. स्वतः केलेलं असेल तेच सांगा, प्लीज.

पीचट्री_पुणेकर | १८ मार्च
ताई, डोळे झाकून एमएलबी टीव्ही घ्या, म्हणजे लीगचे सामने लाइव्ह दाखवणारं सबस्क्रिप्शन. २०२५ला १५० डॉलर. ओल्सन आणि मर्फी दोघंही आमच्या अटलांटा ब्रेव्ह्जमध्ये, म्हणजे एका सामन्यात वहीची दोन पानं. २०२३मध्ये ओल्सनने ५४ होमरन मारले, १३९ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन). दोन्ही आमच्या फ्रँचायझीचे विक्रम! त्यातले चार मी स्टँडमध्ये बसून पाहिलेत, अजून अंगावर काटा येतो. आमचे घरचे सामने तुमच्याकडे दुपारी सव्वाचारला लागतात. लेक शाळेतून येते तेव्हाच.

सॅनहोजे_सदू | १८ मार्च
+१. एमएलबी टीव्हीच. बजेट थोडं वाढवा.

खडकी_ते_केंब्रिज | १८ मार्च
एमएलबी टीव्ही. मला टी-मोबाइलमुळे फुकट मिळतं, दर वर्षी सीझनच्या सुरुवातीला देतात. तुमचं सिम कुठलं आहे ते बघा आधी.

तिसरा_बेस | १९ मार्च
सगळे एमएलबी टीव्ही म्हणताय, पण ताई राहतात कुठे ते वाचलंत का? बे एरियात सॅन फ्रान्सिस्को जायंट्स आणि एज दोन्ही ब्लॅकआउट, म्हणजे स्थानिक टीमचे सामने लाइव्ह दाखवत नाहीत. चॅपमन आता जायंट्सकडे आहे. म्हणजे घरापासून सगळ्यात जवळ खेळणारा माणूस तेवढा लाइव्ह दिसणार नाही. ब्रेव्ह्ज जायंट्सशी खेळतील तेव्हा ओल्सनही नाही. मी २०२४मध्ये अटी न वाचता घेतलं आणि पहिल्याच संध्याकाळी काळा पडदा पाहिला. चूक माझीच, म्हणून सांगतोय.

सॅनहोजे_सदू | १९ मार्च
व्हीपीएन लावा, प्रश्न मिटला.

तिसरा_बेस | १९ मार्च
बारा वर्षांच्या मुलीला पहिला धडा नियम मोडायचा द्यायचा? मला नाही पटत.

सॅनहोजे_सदू | १९ मार्च
अहो, पैसे भरूनच बघतोय ना. चोरी कसली?

हेवर्डचे_काका | १९ मार्च
तुमचं व्हीपीएन बाजूला ठेवा. मी १९९४पासून हेवर्डला आहे. १९९७ला एजचा मॅग्वायर सेंट लुईसला गेला. २००१च्या सीझननंतर जिआंबी यँकीजकडे. मग तेहादा ओरिओल्सकडे. २००४च्या डिसेंबरात तर एका आठवड्यात हडसन अटलांटाला आणि मल्डर सेंट लुईसला. झिटो राहिला म्हणून आनंद मानला, तोही २००६च्या शेवटी सात वर्षांच्या १२६ मिलियन डॉलरच्या करारावर खाडीपलीकडे जायंट्सकडे गेला. मोगराताई, तुमच्या लेकीची वही मी तीस वर्षं डोक्यात लिहितोय. तिला सांगा, खेळाडू जाण्याचं दुःख एकदा होतं, मैदान जाण्याचं रोज होतं. २००६मध्ये तर आपल्या फ्रीमॉन्टलाच स्टेडियम होणार होतं, २००९ला ते बारगळलं. मी तेव्हा ती जागा बघूनही आलो होतो.

पीचट्री_पुणेकर | १९ मार्च
काका, ओकलंडकडे पैसेच नव्हते, ते तरी काय करणार?

हेवर्डचे_काका | १९ मार्च
नव्हते आणि द्यायचे नव्हते यात फरक आहे. मेजर लीगमध्ये पहिली तीन वर्षं साधारण किमान पगार, पुढची तीन आर्बिट्रेशन (पगारावर लवादाचा निर्णय), सहा पूर्ण झाली की खेळाडू कुठल्याही टीमकडे जायला मोकळा. तो मोकळा व्हायच्या आधी एक-दोन वर्षं विकायचा आणि बदल्यात चार नवखे खेळाडू घ्यायचे, हा इथला हिशेब. म्हणून इथे सहावं वर्ष बघायला मिळालं तर भाग्य.

वाकडवासी | २० मार्च
आयपीएलसारखंच की. पंत दिल्लीकडून २७ कोटींना लखनऊला गेला, आम्ही काय रडलो का?

तिसरा_बेस | २० मार्च
सारखं नाही. लिलावाची तारीख आधी माहीत असते, अख्खा देश टीव्हीवर बघतो. ट्रेडमध्ये, म्हणजे टीम आपसात खेळाडू बदलतात तेव्हा, खेळाडूला फोन येतो आणि उद्या दुसऱ्या शहरात हजर व्हायचं. मुलांची शाळा, भाड्याचं घर, सगळं मागे.

वाकडवासी | २० मार्च
मान्य. पण मला अजूनही धोनी पुण्याकडून खेळला ती दोन वर्षं आठवतात. गहुंजेला जाऊन पाहिलाय.

हिरवीपिवळी | २० मार्च
जर्सी घेऊ नका!! फेब्रुवारी २०२२मध्ये मी मुलासाठी ओल्सनची जर्सी घेतली, हिरवी, पाठीवर नाव शिवलेली. तेव्हा लॉकआउट होता (मालकांनी लीगचं काम बंद ठेवलं होतं), कुणाचाच ट्रेड होत नव्हता, मला वाटलं आपण सुरक्षित. १० मार्चला लॉकआउट उठला. १२ला बॅसिट मेट्सकडे, १४ला ओल्सन ब्रेव्ह्जकडे, १६ला चॅपमन ब्लू जेजकडे. पाच दिवसांत तिघं. मुलाने जर्सी घडी घालून खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, ती त्याने पुन्हा काढली थेट कोलिझियमच्या शेवटच्या दिवशी. तोवर लहान झाली होती, तरी घातली.

मोगरा_फ्रीमॉन्ट | २० मार्च
हिरवीपिवळी, त्या दिवशी आमच्या रांगेत असाच एक मुलगा होता, बाह्या कोपराच्या वर. तुमचाच असेल का?
तिसरा_बेस, ब्लॅकआउटबद्दल खूप आभार. १५० परवडत नाही हे परत सांगते. :)

औंधची_सकाळ | २१ मार्च
आम्ही दहा वर्षं सनीवेलला होतो, आता पुण्यात. इथे एमएलबी टीव्हीला ब्लॅकआउटच नाही! जायंट्सचा पावणेसातचा सामना आमच्याकडे सकाळी सव्वासातला. चहा, खारी आणि थर्ड बेसवर चॅपमन. तो डावीकडे झेप घेऊन बॉल उचलतो आणि गुडघ्यावरूनच फेकतो, ते बघून दिवस चांगला जातो. २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षं गोल्ड ग्लव्ह (उत्तम फिल्डिंगचं बक्षीस), आणि पलीकडच्या टोकाला, फर्स्ट बेसवर, ओल्सनलाही त्याच दोन वर्षी. एकाने फेकायचं, दुसऱ्याने घ्यायचं. ती जोडी तुटायला नको होती.

सॅनहोजे_सदू | २१ मार्च
म्हणजे ताईंनी पुण्याला परत जावं असा सल्ला आहे का?

औंधची_सकाळ | २१ मार्च
नाही हो. पण आजीकडे सुट्टीला आली की बघू शकेल, एवढंच.

ग्लव्हवाला | २१ मार्च
तीन सीझन हेच करतोय, म्हणून थोडं लांबण लावतो. एमएलबीच्या ॲपमध्ये फुकट खातं उघडा आणि सातही जणांना आवडते खेळाडू म्हणून टाका. त्यातलं गेमडे (सामन्याचा लाइव्ह स्कोअर) फुकट आहे, प्रत्येक पिच, म्हणजे टाकलेला बॉल, दिसतो. एमएलबीच्याच फिल्म रूममध्ये खेळाडूचं नाव टाकलं की क्लिप मिळतात, त्याही फुकट. वहीतल्या "बदल्यात कोण आलं" या रकान्यासाठी बेसबॉल-रेफरन्स या साइटवर खेळाडूच्या पानाखाली सगळे व्यवहार तारखेसह आहेत. मर्फीचा डिसेंबर २०२२चा सौदा तीन टीमचा आहे, तो लेकीला चित्र काढून समजवा, मजा येईल: मर्फी अटलांटाला, विल्यम कॉन्त्रेरास मिलवॉकीला, रुईस ओकलंडला.

आणि सातही जण रोज बघायचे नसतातच. बॅसिट आणि मनाया स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारे पिचर, त्यांची पाळी पाच-सहा दिवसांतून एकदा. मर्फी कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा), त्याला विश्रांती देतात. रोजचा माणूस ओल्सन: २०२२, २०२३, २०२४, तिन्ही वर्षं १६२ पैकी १६२ सामने. तो म्हणजे घड्याळ. त्याच्याभोवती बाकीचे लावा.

पैसे खर्चायचेच असतील तर फक्त ऑडिओ घ्या, २०२५ला वर्षाचे ३० डॉलरच्या आसपास. त्याला ब्लॅकआउट नाही. पोळ्या लाटताना ऐकता येतो.

खडकी_ते_केंब्रिज | २१ मार्च
ऑडिओ चांगला आहे पण हेंड्रिक्स शेवटच्या ओव्हर्समध्ये... म्हणजे शेवटच्या इनिंग्जमध्ये येतो, त्याचा चेहरा बघायलाच हवा. लिम्फोमा या कॅन्सरमधून बरा होऊन २९ मे २०२३ला तो परत माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उभा राहिला. माझ्या वडिलांची केमो तेव्हाच चालू होती. आम्ही दोघांनी तो क्षण फोनवर पाहिला. आता तो आमच्या बॉस्टनला आहे. त्याचं पान सोडू नका.

पीचट्री_पुणेकर | २२ मार्च
बाबांना नमस्कार सांगा.
ताई, शेवटचं सांगतो, टीव्हीच घ्या.

हेवर्डचे_काका | २२ मार्च
सॅक्रामेंटोला जा. मी जाणार आहे. शर्टावर हिरवा रंग तोच आहे.

हिरवीपिवळी | २२ मार्च
काका, मी नाही जाणार. कधीच नाही.

मोगरा_फ्रीमॉन्ट | २५ मार्च
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. टीव्ही नाही, ऑडिओही नाही, सॅक्रामेंटोही नाही. ग्लव्हवाल्यांनी सांगितलेलं फुकटचं सगळं वापरणार. ७ जूनच्या शनिवारी ब्रेव्ह्ज सॅन फ्रान्सिस्कोला आहेत, सगळ्यात वरच्या मजल्यावरची दोन तिकिटं काढली. बार्टसकट बजेटमध्ये बसतं. वर्षभर लुकलुकणारे आकडे बघण्यापेक्षा एकदा चॅपमन आणि ओल्सन दोघं एका मैदानावर दिसू देत.

पीचट्री_पुणेकर | २५ मार्च
एका सामन्यासाठी सगळे पैसे? त्या दिवशी दोघं शून्यावर गेले तर?

सॅनहोजे_सदू | २५ मार्च
वर वारा असतो. जाकीट न्या, जूनमध्येसुद्धा.

मोगरा_फ्रीमॉन्ट | ८ जून २०२५
जाकिटाबद्दल सदूभाऊंचे आभार, दोघींनी घातलं.

बार्ट कोलिझियम स्टेशनला थांबली तेव्हा लेक उठून दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. काही बोलली नाही.

सामना तुम्ही पाहिला असेल. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगपर्यंत ब्रेव्ह्ज २-१ने पुढे. मग चॅपमनने दोन रनांचा होमरन मारला आणि संपलं, ३-२. अख्खं मैदान उड्या मारत होतं. मी लेकीकडे पाहिलं तर तिची दुर्बीण चॅपमनकडे नव्हतीच. ती ओल्सनला बघत होती. तो मान खाली घालून डगआउटकडे चालला होता. घरी आल्यावर तिने आधी त्याचं पान लिहिलं.

हेवर्डचे_काका | ८ जून
३-२. कोलिझियमच्या शेवटच्या दिवशीचाच स्कोअर.

मोगरा_फ्रीमॉन्ट | ८ जून
काका, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. आता तिला दाखवते.

वाकडवासी | ९ जून
जायंट्सची टोपी पुण्यात कुठे मिळेल?

औंधची_सकाळ | ९ जून
व्यनि केलाय.

ग्लव्हवाला | १ ऑगस्ट २०२५
ताई, काल एजचा पिचर मेसन मिलर सॅन डिएगोच्या पाद्रेसकडे गेला. सोबत पिचर सिअर्सही. बदल्यात नवखा लिओ डी व्रीज आणि आणखी तिघं.

मोगरा_फ्रीमॉन्ट | १ ऑगस्ट
माहीत आहे. सकाळी उठले तर तिने पानावर रेघा मारून ठेवल्या होत्या. सिअर्सला वेगळं पान द्यायचं की मिलरच्याच मागे लिहायचं, यावर तिचा विचार चालू आहे.