वालचंद की टोयोडा? सोलापूरच्या मागवाल्यांनी कुणाकडे बघायचं?

दाजीपेठकर
परवा यंत्रमागवाल्यांच्या एका बैठकीत वक्ते म्हणाले, "सोलापूरला आता दुसरा वालचंद पाहिजे." टाळ्या पडल्या. वालचंद हिराचंद १८८२ साली इथेच जन्मले. जहाजं, विमानं, मोटारी असल्या धंद्यांना त्यांनी हात घातला. आदर आहेच. पण चादर-टॉवेलवर जगणाऱ्या गावानं डोळ्यांसमोर ठेवायचा माणूस म्हणजे साकिची टोयोडा, असं माझं मत. हो, टोयोटा गाडीवाल्यांचे मूळपुरुष. त्या घरात गाडीच्या आधी माग होता.

जन्म १८६७, जपानमधल्या एका खेड्यात, सुताराच्या घरी. आई हातमाग चालवायची. १८८५ मध्ये जपानात पेटंटचा कायदा झाला आणि आपण काही नवं बनवलं तर ते आपल्या नावावर राहतं, हे या पोरानं मनावर घेतलं. १८९१ मध्ये सुधारलेल्या लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट. मग लाकूड-लोखंडाचा स्वस्तातला यंत्रमाग. आणि १९२४ मध्ये 'जी टाइप': कांडी (आडव्या सुताची गुंडाळी) संपत आली की चालत्या मागावर धोटा (ती कांडी घेऊन इकडून तिकडे धावणारा) बदलणार, ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, धागा तुटला की माग आपसूक थांबणार. एक माणूस तीसेक माग बघू लागला. १९२९ मध्ये लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सनं, म्हणजे जगभरच्या गिरण्यांना यंत्रं विकणाऱ्या कंपनीनं, त्याच्या हक्कांसाठी १ लाख पौंडांचा करार केला. मागाची अक्कल विलायतेनं जपानकडून विकत घेतली! आणि आपण? दुसऱ्यांनी काढून टाकलेले माग आणतो, शेजाऱ्याचं डिझाइन उचलतो.

कडकभाकर
गोष्ट झकास, पण अर्धीच सांगितली. शोधक म्हणून टोयोडा मोठे, वाद नाही. धंद्यात मात्र मार खाल्लाय त्यांनी. मित्सुई या बड्या जपानी व्यापारी कंपनीच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या, स्वतःचंच नाव असलेल्या कंपनीतून १९१० मध्ये बाहेर पडावं लागलं. पुढं कारभार जावई रिसाबुरोनं सांभाळला. 'जी टाइप'मध्ये मुलगा किइचिरो आणि इंजिनिअरांचा हात होता, ते तुम्ही गाळलंत. प्लॅटचे १ लाख पौंडही पुरते आले नाहीत, मंदी आल्यावर त्यांनी रक्कम घासाघीस करून खाली आणली. भांडवल गोळा करणारा, सरकारशी भांडणारा माणूस लागतोच. म्हणजे वालचंदच ना?

दाजीपेठकर
भांडवल आणि सरकार म्हणताय, तर वालचंदांचा बंगळूरचा विमान कारखाना बघा. १९४० मध्ये काढला, १९४२ मध्ये सरकारनं हातात घेतला. परवाना आणि करारावर उभं केलेलं दुसऱ्याच्या एका सहीनं जातं. टोयोडांना कंपनीतून काढलं, पण माग डोक्यात होता, तो कोण काढून घेणार? ते अमेरिकेला गेले, तिथं ताकामिने नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं धीर दिला. परत येऊन १९११ मध्ये स्वतःचा विणाईचा कारखाना काढला. इथला मुद्दा आपल्या कामाचा आहे. धागा सारखा तुटायला लागला की दोष मागाचा की सुताचा, हे कळत नाही. म्हणून १९१४ मध्ये त्यांनी सूतच घरी कातायला घेतलं. मागाची चाचणी नीट व्हावी म्हणून सूतगिरणी! आपल्याकडं सूत खराब आलं की व्यापाऱ्याला फोनवर शिव्या घालतो आणि तेच सूत बीमवर (ताण्याच्या रुळावर) चढवतो.

शेंगाचटणी
तुम्ही दोघं मालकाच्या खुर्चीतून बोलायलाव बे. माझा बाप साखर पेठेत मागावर होता, म्हणून सांगतो. एक माणूस तीस माग बघणार, तर बाकीच्यांनी काय करायचं? इथली जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू मिल गेली, त्यातली माणसं पुन्हा कुठं लागली का, विचारा पूर्व भागात फिरून.

आणि धागा तुटला की थांबणारा माग म्हणाल, तर तो इथं आला होता की! बाप ज्या शेडमध्ये होता तिथं ताण्याच्या एकेका धाग्यावर पत्र्याची बारीक पट्टी लटकवलेली असायची. धागा तुटला की पट्टी खाली पडून माग बंद. कामगारांनीच ते बंद करून ठेवलेलं. का? मजुरी नगावर. माग थांबला की रोज बुडाला. तुटका धागा तसाच पुढं गेला, टॉवेलावर लांब रेघ उमटली, तर तो माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम म्हणून, जायचा आणि पैसे बापाचेच कापायचे. तुमच्या टोयोडाला विचारा यावर काय शोध लावणार ते.

अशोकचौकवाली
@शेंगाचटणी, पट्टीचं खरं आहे, आमच्याकडंही तसंच व्हायचं. पण त्यात टोयोडांची चूक कुठं? यंत्र थांबावं अशी सोय करायची आणि थांबलं म्हणून मजुरी कापायची, हा मालकाचा हिशोब आहे. दोष झाला की आधी थांबायचं, कारण शोधायचं, मग पुढं जायचं, याच विचारावर टोयोटानं पुढं मोटारींचं उत्पादन बसवलं. तिथं लाइन थांबवणाऱ्या कामगाराचा रोज बुडत नाही. माणसं कमी लागतात, हा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही.

पार्कचौक
मराठी उदाहरण देतो. शंकर आबाजी भिसे, मुंबईचे, जन्म १८६७, म्हणजे टोयोडांच्याच वयाचे. छपाईचे टाइप ओतणारं यंत्र केलं, आणखी ढीगभर शोध. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींचा आधार, सर रतन टाटांचा (जमशेटजींच्या मुलाचा) पैसा. तरी कारखानदारी टिकली नाही, शेवट न्यूयॉर्कमध्ये. हुशारीत कमी होते का? नाही. पण त्यांचं यंत्र बाजारात तयार बसलेल्या बड्या कंपन्यांना नको होतं. टोयोडांच्या मागाला पहिलं गिऱ्हाईक त्यांचाच कारखाना होता. शोधकाला पुरस्कार नको, शेड पाहिजे.

कडकभाकर
हे पटलं. मग असं म्हणा की शोध आणि धंदा एकाच घरात हवा. तरी मी वालचंद सोडणार नाही :) बाकी आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचं काय केलं आपण? नावाची राखण झाली, मागात एक खिळा बदलला नाही.

दाजीपेठकर
तेच तर म्हणतोय. इंजिनिअरिंगची पोरं दरवर्षी प्रोजेक्ट करतात, मॉडेल टेबलावर ठेवून फोटो काढतात. ती मागावर चढवून बघायला कोण देतो?

पार्कचौक
माझ्याकडचे दोन माग दिवाळीची ऑर्डर संपली की मोकळे आहेत. पोरं तुम्ही आणा, सूत तुमचं, लाइटबिल माझं. आणि मागावरचा माणूस रोजावर घ्यायचा, नगावर नाही.

शेंगाचटणी
रोज किती देणार ते इथंच लिहा की ओ.