विषय: गावाकडे सोनोग्राफी मशीन पाठवायचं का?

नमस्कार मंडळी,
आपल्या वहिनी इथे अमेरिकेत ज्या इमेजिंग सेंटरमध्ये कामाला आहेत तिथे सोनोग्राफीचं मशीन बदलतायत आणि मालक म्हणतायत की जुनं एखाद्या गरजू दवाखान्याला जात असेल तर फुकट देतो. माझ्या डोक्यात लगेच मेळघाट आलं. गणपतीच्या निधीतले थोडे पैसे शिल्लक आहेत, त्यात शिपिंग भागेल. कोणाची हरकत? तिकडे कोणाची ओळख?
– खजिनदार

दादा,
मालकांना आधी सगळ्यांतर्फे मनापासून थँक्स सांगा, पण मशीन बोटीवर चढवायच्या आधी थोडं ऐका. मी स्वतः सोनोग्राफी करते म्हणून कळकळीने लिहितेय.

सगळ्यात मोठी गोष्ट पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा भारतातला कायदा. तो १९९४ चा, आणि त्याच्याही आधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा केला होता, देशात पहिला. रजिस्ट्रेशन नसलेल्या कोणालाही सोनोग्राफी मशीन विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही आणि फुकटसुद्धा देता येत नाही, म्हणजे आपण चांगल्या मनाने एखाद्या ट्रस्टच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं आणि त्यांचा कागद नसेल तर मशीन सील आणि बिचारा डॉक्टर कोर्टात. काहींना हा कायदा जाचक वाटतो, मला अजिबात नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या, आणि त्यात ह्याच मशीनचा हात आहे. तेव्हा रजिस्ट्रेशन, प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद ठेवणारा एफ फॉर्म, सगळं रीतसर झालंच पाहिजे.

शिवाय जुनं म्हणजे किती जुनं? प्रोबची, म्हणजे अंगावर फिरवतात त्या भागाची, वायर रोज पिळली जाते, आतले क्रिस्टल मरतात, मग इमेजमध्ये उभ्या काळ्या पट्ट्या यायला लागतात आणि त्या पट्टीखाली काय आहे ते दिसतच नाही. तिकडे लाईन २३० व्होल्टची, इथल्यासारखी १२० ची नाही, वर दुरुस्तीला माणूस कुठून आणणार? २०११ मध्ये एक अभ्यास आला होता, गरीब देशांतल्या हॉस्पिटलांतली जवळपास ४० टक्के यंत्रं बंद पडलेली निघाली.

रॅड-एडचं काम बघा. २००८ पासून चालू आहे, अमेरिकेतल्या रेडिओलॉजीवाल्यांनीच काढलेली संस्था. ते आधी यंत्र नेत नाहीत, आधी बघतात की वीज आहे का, टेक्निशियन आहे का, रिपोर्ट कोण लिहिणार, आणि काही सापडलं तर त्या बाईला पुढे कुठे पाठवणार. चंदीगडच्या पीजीआय ह्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलबरोबर त्यांनी २०१२ मध्ये आशा ज्योती नावाची गाडी सुरू केली, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), हाडांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी एकाच फेरीत, आणि काही निघालं तर पुढे पीजीआय आहेच. मला हे खरं देणं वाटतं.
– ताई

ताई,
तुमचा मेल मालकांना इंग्रजीत समजावून सांगितला. ते म्हणतायत शनिवारी सकाळी सेंटर रिकामंच असतं, इथल्या फ्री क्लिनिकने पाठवलेल्या, इन्शुरन्स नसलेल्या लोकांच्या सोनोग्राफी आणि मॅमोग्राम करून देऊ, टेक्निशियन आणि रिपोर्टचं ते बघतील. आपण फक्त माणसं द्यायची, मराठी, हिंदी, गुजराती बोलणारी. फॉर्मवरच बायका अडतात, आणि आत गेल्यावर मॅमोग्रामच्या प्लेटमध्ये छाती दाबली की दचकून मागे सरकतात, मग इमेज परत घ्यावी लागते. बाजूला उभं राहून कोणी आपल्या भाषेत सांगितलं ना, की थोडं दुखेल, काही सेकंदांत सुटेल, तर खूप फरक पडतो.

आणि हे सगळ्यांना सांगा, कमी उत्पन्न आणि इन्शुरन्स नसलेल्या बायकांसाठी सीडीसीचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा, प्रोग्राम १९९१ पासून आहे, त्यात मॅमोग्राम फुकट किंवा अगदी कमी पैशात होतो. देवळाच्या स्वयंपाकघरात, ग्रोसरीच्या काउंटरवर कामं करणाऱ्या कितीतरी जणींना हे माहीतच नाही.

मेळघाटचं सोडायचं नाहीये हं दादा. कुठल्या दवाखान्याचं रजिस्ट्रेशन आहे ते अमरावतीला सिव्हिल सर्जनच्या ऑफिसात विचारून घ्या, तोवर मशीन सेंटरच्या स्टोअरमध्ये राहील. शनिवारसाठी नावं मला पाठवा, कोणती भाषा येते आणि न्यायला-आणायला गाडी आहे का तेही लिहा.
– वहिनी