मदत हवी आहे: १९६१ सालच्या आयएनएस दिल्लीच्या डेकचा रंग

नमस्कार मंडळी,

भारतीय नौदलाच्या जुन्या क्रूझर युद्धनौकेचं, आयएनएस दिल्लीचं, १:३५० मापाचं मॉडेल करतोय, प्लास्टिक शीट कापून. मूळ जहाज १६९ मीटर, म्हणजे मॉडेल साधारण ४८ सेंमी. तोफांसकट सगळं उभं राहिलंय आणि गाडी डेकच्या रंगावर अडकली आहे.

बाबा या जहाजावर होते. त्यामुळे मला ती डिसेंबर १९६१ मधलीच हवी, गोवा मुक्तीच्या वेळी दीवसमोर होती तेव्हाची. भारताकडे येण्याआधी तिचं नाव अकिलीस होतं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या सागरी लढाईतली अकिलीस म्हणून तिची ढीगभर माहिती मिळते. १९५६ च्या ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ या रंगीत चित्रपटात तर तिने स्वतःचीच भूमिका केली आहे. पण सिनेमासाठी केलेल्या रंगावर १९६१ चं मॉडेल कसं रंगवू?

बाजूंसाठी आयएस ५ या भारतीय रंग-मानकाच्या शेडकार्डातले ६३२ आणि ६९७ हे दोन अ‍ॅडमिरल्टी ग्रे समोर ठेवलेत. डेकसाठी हातात एकच वस्तू आहे. १९७८ मध्ये जहाज निवृत्त झाल्यावर बाबांनी मुंबईच्या दारुखान्यातून, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथून, एक लोखंडी कडी आणली होती, तिच्या डेकवरची म्हणून. कडीच्या बुडाशी रंगाचा जाड पापुद्रा आहे. बारीक पॉलिश पेपर ओला करून तिथे गोल गोल घासलं, तर थर झाडाच्या वर्तुळांसारखे उघडले: तळाला रेड ऑक्साइड, मग गडद करडा, मग हिरवट, वर पुन्हा करडा.

तो हिरवट थर खरंच हिरवा आहे का? तेलात कालवलेला रंग वरच्या थराखाली, अंधारात राहिला की पिवळा पडतो, आणि निळसर करड्यावर पिवळेपणा चढला की तो हिरवा दिसायला लागतो. असा पिवळेपणा उजेडात उतरतो, म्हणून कडी तीन आठवडे खिडकीत ठेवली आहे. छटा किंचित फिकी झालीय, पण हिरवी झाक गेलेली नाही. कृष्णधवल फोटोत तर हिरवा आणि करडा सारखेच दिसतात.

साठच्या दशकात दिल्ली किंवा आयएनएस म्हैसूर या दुसऱ्या क्रूझरवर काम केलेलं तुमच्या घरात कोणी असेल तर कृपया एवढं विचारा: लोखंडी डेक हिरवा होता की करडा? आणि मागच्या डेकचं लाकूड घासून उघडंच ठेवत होते का? बाबा तसं सांगायचे, पण तेव्हा मी साल विचारलं नाही.

त्या काळच्या रंगीत स्लाइड कोणाकडे असतील, तर मुंबई-पुण्यात कुठेही येऊन बघेन. शेडकार्ड सोबत आणेन, स्लाइडला हात लावणार नाही.