सरकारचे ‘डोके’

प्रश्न: साताऱ्यात अकरावीला शिकवते. टिळकांच्या ‘केसरी’तला १८९७ चा ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा मथळा फळ्यावर लिहिला, तर पोरं फिदीफिदी हसली. अग्रलेखाला इतकी घरगुती भाषा कशी काय?

कराडकर: मॅडम, ती मुद्दामच. आधी प्लेगच्या झडत्या, २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी, मग पुण्यावर जादा पोलिसांचा बोजा. तिथं ‘शासनाचा विवेक’ लिहून कुणी वाचलं असतं का? आमचा आज्जा तालमीत हेच ओरडायचा, फक्त ‘सरकार’च्या जागी आमचं नाव!

सांगलीवाला: पोरांना हेही सांगा. जुलैअखेर टिळकांना अटक झाली, पण राजद्रोहाचा खटला ह्या मथळ्यावर नव्हता. तो १५ जूनच्या अंकातल्या शिवाजी उत्सवाच्या मजकुरावर. शिक्षा १८ महिने सक्तमजुरी.

कराडकर: बरोबर. बरेच जण इथंच घोळ घालतात.