पत्नीची दोन वर्षांची परदेशी नेमणूक: सोबत जाणाऱ्याने तयारी कशी करावी?

प्रश्न

माझ्या पत्नीला तिची कंपनी दोन वर्षांसाठी परदेशातील कार्यालयात पाठवत आहे आणि आम्हाला दोन महिन्यांत निघायचे आहे. तिचा व्हिसा, तिकिटे, पहिल्या महिन्याची राहण्याची सोय हे सारे कंपनी पाहते आहे. माझ्याविषयी त्या सगळ्या कागदपत्रांत एकच शब्द आहे, 'अवलंबित'. मी बारा वर्षे संपादन आणि भाषांतराचे काम करतो आहे. माझ्या संस्थेने दोन पर्याय दिले आहेत: बिनपगारी रजा घ्यावी किंवा तिकडून ऑनलाइन काम चालू ठेवावे. अर्थातच दुसरा पर्याय मला सोयीचा वाटतो. आम्हाला मुले नसल्यामुळे शाळेचा प्रश्न नाही.

मला विचारायचे आहे ते असे. अवघ्या दोन वर्षांसाठी तिथली भाषा शिकणे आणि घर रीतसर मांडणे योग्य ठरेल का, की सामान बेताचे ठेवून पाहुण्यासारखे राहावे? आणि निघण्याआधीच उरकायला हवीत, तिथे पोहोचल्यावर करताच येत नाहीत, अशी कामे कोणती?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याला मुदत आहे. पतीच्या नेमणुकांमुळे मी दोन देशांत राहिले आणि दोन्ही वेळा गाडी अडली ती विवाहाच्या दाखल्यापाशी. १९६१ च्या हेग करारात सामील असलेल्या देशांमध्ये सार्वजनिक दाखल्यावर 'अपोस्टिल' हे एकच प्रमाणीकरण सहसा पुरते, परंतु दाखला ज्या देशाने दिला त्याच देशाचे अधिकारी ते करून देतात. परक्या शहरात बसून ते मिळवणे म्हणजे कागद उलटे पाठवणे, कोणाला तरी रांगेत उभे करणे आणि वाट पाहणे. चीन २०२३ मध्ये आणि कॅनडा २०२४ मध्ये या करारात आले, तेव्हा या देशांविषयीची जुनी माहिती वाचून दूतावासाच्या फेऱ्या सुरू करू नका. विवाहाच्या दाखल्याबरोबर पदवी प्रमाणपत्रांचेही प्रमाणीकरण करून घ्या आणि दाखल्यावरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे आजच पाहा. गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही परवाना देणाऱ्या देशातच काढावा लागतो. मात्र रहिवासी झाल्यावर तो फार काळ पुरत नाही. युरोपीय संघाबाहेरचा परवाना जर्मनीत साधारण सहा महिने चालतो, ब्रिटनमध्येही बाहेरच्या बहुतेक परवान्यांना बारा महिन्यांचीच मुभा असते.

दुसरी गोष्ट कामाच्या परवानगीची. सोबत जाणाऱ्याला नोकरी करता येईल की नाही, हे देशाइतकेच जोडीदाराच्या व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून असते. अमेरिकेत एल-१ वर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर, गेलेल्याच्या जोडीदाराला स्वतःच्या व्हिसा-दर्जामुळेच काम करता येते, पण एच-१बी या कुशल कर्मचाऱ्यांच्या व्हिसाधारकाच्या जोडीदाराला काही ठरावीक परिस्थितीतच परवान्यासाठी अर्ज करता येतो. जर्मनीत ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा निवास परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला नोकरीची मोकळीक आहे. सिंगापूरने मात्र मे २०२१ पासून अवलंबितांनी नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास काढावा असा नियम केला. पत्नीच्या कंपनीकडे व्हिसाच्या प्रकारांत निवड करण्यास वाव असेल, तर त्याचा तुमच्यावर काय परिणाम होईल हे अर्ज जाण्यापूर्वी विचारा. नंतर विचारल्यास फक्त सहानुभूती मिळते.

आता एक प्रसंग सांगते. पहिल्या शहरात घराचा करार, विजेचे बिल आणि बँकेचे खाते, सारे पतीच्या नावे झाले, कारण तेच सोपे होते. तिसऱ्या आठवड्यात मी ग्रंथालयाची सभासद व्हायला गेले. पत्त्याचा पुरावा मागितला, म्हणून पतीच्या नावाचे बिल आणि आमच्या विवाहाचा दाखला असे दोन्ही कागद पुढे केले. खिडकीमागच्या बाईंनी ते नीट वाचले आणि अगदी सौजन्याने माझ्याकडे परत सरकवले. त्या दाखल्यावरून माझे लग्न झाले आहे हे सिद्ध होत होते. मी त्या शहरात राहते हे नव्हे! ग्रंथालय, बँक, दवाखाना, भाषेचा वर्ग, जिथे जावे तिथे हेच घडले. दुसऱ्या नेमणुकीत मी पहिल्याच दिवशी घराच्या करारावर दोघांची नावे घालण्याचा आग्रह धरला आणि पत्रपेटीच्या पाटीवर माझे नाव चिकटवले, कारण पाटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते आणि बँकेचे कार्ड पत्रानेच येते. करारावर नाव आले की भाड्याची जबाबदारीही दोघांवर येते, हे खरे. तरीही मी तोच मार्ग निवडेन. नेमणूक मुदतीआधी संपल्यास घर सोडता येईल असे कलमही करारात घालून घ्या.

प्रतिसाद २

मी परदेशी बदल्यांची कागदपत्रे हाताळण्याचे काम करतो आणि ऑनलाइन कामाचा जो पर्याय आपल्याला सोयीचा वाटतो, त्यातच सर्वाधिक गुंते असतात, असा माझा अनुभव आहे. आपला पगार कोणत्या देशातून येतो यापेक्षा काम करताना आपण कोणत्या देशात बसलेले असतो, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने सहसा महत्त्वाचा असतो. त्यात व्हिसावर काम करण्याची मुभा, प्राप्तिकर, सामाजिक सुरक्षेची वर्गणी आणि आपल्या संस्थेवर त्या देशात येऊ शकणारी कर-जबाबदारी असे चार निरनिराळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर 'चालेल' असे आले म्हणून बाकीचे सुटत नाहीत.

वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त न राहिल्यास त्या देशात पगारावर कर लागत नाही, हा १८३ दिवसांचा नियम तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या नमुना करारावर आधारलेल्या, देशादेशांतील अनेक कर-करारांत तो आहे, पण तो केवळ पगारावरील कराविषयी आहे, त्याला आणखी अटी जोडलेल्या आहेत आणि तो थोड्या काळासाठी येणाऱ्यांकरिता आहे. दोन वर्षे राहणाऱ्याला त्याचा आधार घेता येत नाही आणि व्हिसाच्या परवानगीशी तर त्याचा काहीही संबंध नाही. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम केले तर सारे टळेल, हाही गैरसमज आहे, कारण काही ठिकाणी अवलंबिताला नोकरीची मुभा असली तरी स्वयंरोजगारासाठी वेगळी परवानगी लागते.

म्हणून आपल्या संस्थेच्या लेखा विभागाला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. वरिष्ठांनी चहा पिताना दिलेला होकार पुरेसा नाही. बिनपगारी रजा घेतली तर परतीची तारीख, पद आणि मुदत वाढवण्याची तरतूद पत्रात असू द्या, कारण दोन वर्षांच्या नेमणुका सर्रास लांबतात.

प्रतिसाद ३

कागदपत्रांविषयी वरील दोघांनी सारे सांगितले आहे, त्यामुळे मी राहण्याविषयीच लिहितो. मीही पत्नीच्या मागे गेलेला नवरा आहे.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून कमी आणि अठरा महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्यांच्या तुलनेत सहा ते अठरा महिने राहिलेले लोक कमी रुळलेले होते, असे त्यांना आढळले. पुढच्या अभ्यासांत हा आलेख सर्वांना लागू पडलेला नाही, पण दोन वर्षांच्या नेमणुकीकडे त्या नजरेने पाहून बघा: सुरुवातीची नवलाई ओसरल्यावर येणारा पडता काळ तुमच्या मुक्कामाचा मधला मोठा तुकडा खाऊन टाकू शकतो आणि रुळता रुळता सामान बांधायची वेळ येते. पाहुण्यासारखे राहिलात तर तो काळ लांबतो, असे माझे मत आहे. मी पहिले सात महिने भिंतीवर एक खिळाही ठोकला नाही, 'जायचेच आहे' म्हणून. त्या सात महिन्यांत पत्नीच्या सहकाऱ्यांखेरीज मला नावाने ओळखणारे कोणी नव्हते.

भाषा जरूर शिका. भाषेचे ज्ञान मोजण्याच्या युरोपीय चौकटीतील सहा पायऱ्यांपैकी पहिल्या दोन, म्हणजे ए-१ आणि ए-२, गाठल्या तरी औषधाच्या दुकानात आणि जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याशी निभावते. शिवाय वर्गामुळे आठवड्यातील ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी कपडे करून घराबाहेर पडावे लागते. याचे मोल नोकरी सुटल्यावरच कळते.

आणि एक नाजूक बाब. दिवसभर कोणाशी बोलणे झालेले नसते, त्यामुळे संध्याकाळी दार उघडताच सारे बोलणे पत्नीवर कोसळते, आणि ती तर दिवसभर परक्या भाषेत बोलून थकलेली असते. आमच्याकडे यावरून खटके उडाले. स्वतःच्या खर्चाला दर वेळी पैसे मागावे लागू नयेत, याचीही व्यवस्था निघण्याआधीच ठरवा. प्रेम कितीही असले तरी मागण्याचा कंटाळा येतोच.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तिघांचाही आभारी आहे. आज लेखा विभागाला पत्र पाठवले, तेव्हा कळले की हा प्रश्न त्यांना यापूर्वी कोणी विचारलेलाच नव्हता. उत्तराला तीन आठवडे लागतील. तोवर बिनपगारी रजेचा मसुदा तयार ठेवतो. विवाहाच्या दाखल्यावर पत्नीच्या नावाचे स्पेलिंग पासपोर्टपेक्षा एका अक्षराने वेगळे निघाले. उद्या सकाळी आधी ते दुरुस्त करून घ्यायला जात आहे.