जुन्या बाल्सा विमानाचे आवरण: ठिगळ लावावे की पूर्ण बदलावे?

प्रश्न

माझ्याकडे दीड मीटर पंखविस्ताराचे, ग्लो इंजिनवर (मिथेनॉलच्या इंधनाचे छोटे इंजिन) चालणारे बाल्साचे (एका अतिशय हलक्या लाकडाचे) एक जुने रेडिओ-नियंत्रित विमान आहे. पंखांवर मढवलेला टिश्यू (पातळ कागद) पिवळा पडून ठिकठिकाणी फाटला आहे, पंख हलकेच पिळला की काही बरगड्यांचे सांधे कुरकुरतात आणि इंजिनामागचे लाकूड तेल पिऊन काळे पडले आहे. ते शोभेला न ठेवता पुन्हा उडवावे, अशी मनापासून इच्छा आहे. फाटलेल्या जागी ठिगळे लावून भागेल का? आणि आवरण बदलायचेच झाले तर टिश्यू आणि डोप (कागदावर लावायचे, वाळताना आकसून तो ताणणारे वार्निशसारखे द्रव) बरे की इस्त्रीने चिकटणारी प्लास्टिकची फिल्म?

प्रतिसाद १

ठिगळांनी भागणार नाही. सांधे कुरकुरतात याचा अर्थ जुना सेल्युलोज गोंद बहुधा ठिसूळ झाला आहे, आणि आवरण उतरवल्याशिवाय प्रत्येक सांधा तपासता येत नाही. लाकडाला चिकटून राहिलेल्या कागदावर अ‍ॅसिटोनचा बोळा थोडा वेळ ठेवला की डोप मऊ होऊन कागद सोलता येतो. मात्र अ‍ॅसिटोनने तो जुना गोंदही विरघळतो, म्हणून सांध्यांपाशी जपून. सैल सांध्यांत पातळ सुपरग्लू सोडावा.

तेलकट लाकडावर कॉर्नफ्लोअर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांचा लेप लावून तो वाळल्यावर ब्रशने झाडावा, आणि पीठ पांढरेच राहीपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. तेल मुरलेल्या लाकडावर गोंदही धरत नाही आणि आवरणही.

प्रतिसाद २

पंख नुसत्या बरगड्यांचा, वर बाल्साची पातळ फळी न चिकटवलेला असेल, तर माझे मत ठामपणे डोपच्या बाजूने आहे. ताणून बसलेले डोपचे आवरण पंखाला पिळापासून सावरते. बहुतेक फिल्म तेवढा ताठपणा देत नाहीत. मात्र एवढ्या मोठ्या विमानाला पातळ टिश्यू पुरणार नाही, जाड टिश्यू किंवा रेशीम घ्यावे. कागदाचे तंतू पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवून आधी खालची बाजू मढवावी, मग वरची. पाण्याचा बारीक फवारा मारला की सुरकुत्या वाळताना आपोआप ओढल्या जातात. त्यानंतर डोपचे पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत पंख सपाट फळीवर टाचून ठेवावा, कारण डोप आकसताना मोकळा पंख हमखास पीळ धरतो. डोपचे दोन प्रकार असतात, नायट्रेट आणि ब्युटिरेट. नायट्रेट डोप ग्लो इंधनातल्या मिथेनॉलने खराब होते, म्हणून शेवटचे हात ब्युटिरेटचे असावेत. दोन्ही ज्वालाग्राही आहेत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळपास ज्योत नसावी.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. डाव्या पंखाच्या टोकाची मागची कड किंचित वर उचललेली दिसते. ती सरळ करावी का?

प्रतिसाद ३

आधी उजवे टोक पाहावे. दोन्हीकडे कड सारखीच उचललेली असेल तर तो मुद्दाम दिलेला वॉशआउट, म्हणजे टोकाकडचा पीळ, आहे. वेग कमी झाल्यावर टोके आधी स्टॉल होऊ नयेत (म्हणजे त्यांची उचल आधी जाऊ नये) म्हणून तो ठेवतात, त्याला हात लावू नये. एकाच बाजूला असेल तर तो भाग वाफेवर धरून उलट दिशेने किंचित जास्त पिळावा आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवावा.

शेपटीवर डोप कमीत कमी द्यावे. शेपूट पंखापासून नाकापेक्षा लांब असते, त्यामुळे तिथल्या एका ग्रॅमसाठी तोल साधायला नाकात अनेक ग्रॅम शिसे भरावे लागते. उड्डाणाआधी गुरुत्वमध्य (विमान जिथे तोलले जाते तो बिंदू) आराखड्याप्रमाणे तपासावा. आराखडा नसेल तर तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 टक्क्यांवर ठेवून सुरुवात करणे सुरक्षित.