राहत्या घरात होणारे कोकम सरबत आणि फणसपोळी : परवाना लागतो की नोंदणी पुरते?

प्रश्न (वेंगुर्ले)
नमस्कार. सासूबाई आणि मी मिळून कोकम सरबत, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), फणसपोळी आणि कुळीथपीठ करून विकतो. आजवर गिऱ्हाईक म्हणजे सुट्टीत येणारे चाकरमानी. परंतु आता कोल्हापुरातील एका दुकानदाराने नियमित माल मागितला असून, बाटलीवर अन्न सुरक्षेचा क्रमांक असल्याशिवाय माल ठेवणार नाही असे कळवले आहे. वार्षिक उलाढाल चार लाखांच्या आत आहे. काम राहत्या घराच्या स्वयंपाकघरात होते, पाणी विहिरीचे आहे आणि पोळी खळ्यात, म्हणजे अंगणात, वाळते. त्यासाठी वेगळी शेड बांधावी लागेल का?

उत्तर (कुडाळ)
ताई, शेडची घाई करू नका. 2011 च्या परवाना व नोंदणी विनियमांप्रमाणे ठराविक मर्यादेपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकाला परवाना नव्हे, नोंदणी पुरते, आणि तुमचे चार लाख त्या मर्यादेत बसतात. तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये असून अर्ज अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ या ऑनलाइन पोर्टलवर स्वतःला भरता येतो. एवढ्यासाठी एजंटाला हजारो रुपये मोजणारे लोक पाहिले की नवल वाटते. नोंदणी राहत्या घराच्या पत्त्यावरही होते. मात्र याच विनियमांच्या अनुसूची 4 मधील स्वच्छतेच्या अटी नोंदणीधारकालाही लागू आहेत, आणि आपल्याकडे अडते ते तिथेच.

पहिली गोष्ट पाण्याची. सरबतात वरून पाणी घालत नाही, तेव्हा विहिरीची चौकशी कशाला होईल, असे पुष्कळजण धरून चालतात. परंतु कोकमे, बाटल्या आणि हात त्याच पाण्याने धुतले जातात, म्हणून ते पिण्यायोग्य असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल जवळ ठेवा आणि पहिल्या पावसानंतर पाणी पुन्हा तपासून घ्या.

दुसरी गोष्ट खळ्याची. शेणाने सारवलेल्या खळ्यात, कोंबड्यांच्या वाटेवर सूप मांडून वाळवलेली पोळी कितीही चविष्ट असली, तरी तपासणीत तिचे समर्थन करता येत नाही. कमरेएवढ्या उंचीची बांबूची मांडणी करून तीवर स्टीलची ताटे ठेवावीत आणि वरून बारीक जाळी ताणावी. खर्च फार येत नाही आणि ऊन पूर्वीइतकेच मिळते. मळभाची भीती असेल, तर लहान सौर वाळवणी यंत्राचा विचार करावा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात फळप्रक्रियेची माहिती मिळू शकेल.

उत्तर (रत्नागिरी)
वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त लेबलाविषयी भर घालतो, कारण दुकानदार माल परत करतो तो बहुधा त्यावरूनच. पदार्थाचे नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ प्रमाण, बॅच क्रमांक, उत्पादनाची व वापराच्या मुदतीची तारीख, पोषणमूल्ये, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, हिरवे शाकाहारी चिन्ह आणि 14 अंकी नोंदणी क्रमांक हे सर्व छापावे. कमाल किरकोळ किंमत वैधमापन नियमांखाली येते, हे खाते वेगळे. पुढे काजूचा पदार्थ केलात, तर काजू असल्याची ॲलर्जीविषयक सूचनाही लागेल.

बाटलीवर ‘पित्तनाशक’ असे लिहू नका. रोग बरा करण्याचा दावा अन्नपदार्थावर चालत नाही. ‘घरगुती’ छापण्याचाही मोह आवरावा, कारण जाहिरात व दाव्यांविषयीच्या 2018 च्या विनियमांत अशा शब्दांना मनाई आहे. शिवाय ‘फळांचे सिरप’ म्हणून विकायचे, तर मानकांप्रमाणे किमान 25 टक्के फळांचा रस आणि 65 टक्के विद्राव्य घन पदार्थ (विरघळलेली साखर वगैरे) असावे लागतात. साखरेचे प्रमाण हाताच्या अंदाजावर ठेवल्यास प्रत्येक घाणा वेगळा निघतो. त्यापेक्षा हे प्रमाण मोजणारे रिफ्रॅक्टोमीटर हे छोटे उपकरण घ्यावे.

उत्तर (मालवण)
दुकानदाराला द्यायच्या बिलावरही हा नोंदणी क्रमांक लिहावा. 1 जानेवारी 2022 पासून ते बंधनकारक आहे. त्याच घरात पर्यटकांना जेवण देत असाल, तर अर्जात तोही व्यवसाय नोंदवा आणि दोन्हींची उलाढाल एकत्र धरूनच नोंदणीच्या मर्यादेचा हिशोब करा.